मेमरी की जॉयस्टिक

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातावरून वारं गेलं, त्याच हिवाळ्यात आमच्या घरात कॉम्प्युटर आला. अख्ख्या वसाहतीत पहिला. लोक आजाऱ्याला भेटायला म्हणून यायचे आणि आधी मशीन बघायचे, मग माणूस. एक बाई तर पेढे मागून मोकळ्या झाल्या. त्यांना मी साधा चहासुद्धा विचारला नाही.

समोर मी नवऱ्याला जन्मभर अहो-जाहोच केलं. पण आता तो नाही, आणि लिहितानाही 'हे' आणि 'ह्यांना' करत बसले तर माझ्याच्यानं खरं लिहून होणार नाही. म्हणून इथे 'तो'.

तो नागपूरबाहेरच्या एका वीज केंद्रात कंट्रोल रूमला होता. वीज बनवणारा संच बंद पडला आणि तो पुन्हा चालू लाइनशी जोडायचा असला की तिथे एका डायलवर काटा फिरतो. तो बाराच्या जागी येतो त्या क्षणी स्विच फिरवावा लागतो. जरा आधी नाही, जरा नंतर नाही. हे काम त्याच्या हातात इतकं बसलं होतं की साहेब लोकसुद्धा त्याच्या शिफ्टची वाट बघत. त्याचा त्याला केवढा तोरा! लग्नात माळ घालताना याचा हात हलला नाही, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या. मी म्हणायची, हात नसेल हलला, पण गुडघे लटपटत होते, मी खाली मान घालून तेच बघत होते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून रेझर गळून पडलं. वय चाळीस. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वीस दिवस काढले. जीभ सुटली, पाय सुटला, हात राहिला. खांद्यातून हलायचा, पण बोटांत जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले, उजवा किती परत येईल ते सांगता येत नाही, आशा ठेवा, व्यायाम करा, पण डाव्याला आत्तापासून कामाला लावा.

पुढच्या ऑक्टोबरात मेडिकल बोर्ड बसणार होतं. हा माणूस कंट्रोल रूमला चालतो, की हलक्या कामावर चालतो, की कुठेच चालत नाही, ते तिथे ठरणार होतं. कुठेच चालत नाही म्हणजे नोकरी गेली आणि क्वार्टर गेलं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, पोटाला मिळालं असतं. भीती वेगळीच होती. तो दवाखान्यातून आल्यापासून खिडकीत बसून केंद्राच्या चिमणीच्या धुराकडे बघायचा. धूर वाढला की म्हणायचा, "लोड घेऊन राहिले," म्हणजे वीज वाढवताहेत. बाकी दिवसभर शब्द नाही. केंद्र सुटलं तर हा माणूस सुटला, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

व्यायामाचं नाव काढायची सोय नव्हती. रबरी चेंडू दाबायला दिला तर तो त्यानं खिडकीतून बाहेर टाकला. ताटलीत वाटाणे देऊन वाटीत भरायला सांगितले, तर म्हणाला, "मी काय बालवाडीत बसलो काय वं?" आणि डाव्या हाताचा तर विषयच नको. विजेच्या कामात जुन्या लोकांची एक शिस्त असते. पॅनलला हात लावायचा तो उजवा, डावा हात खिशात. दोन्ही हात लागले आणि शॉक बसला तर करंट छातीतून जातो. पहिल्या दिवशी त्याच्या उस्तादानं डाव्या हातावर पट्टी मारून त्याला हे शिकवलं होतं. त्यामुळे त्याचा डावा हात वीस वर्षं खिशातच होता. घरी पायजम्याला खिसा शिवून घेतला होता त्यानं, त्या हातासाठी. जेवताना मी चमचा डाव्या हातात दिला की तो ताट सरकवायचा.

जानेवारीत धाकटे दीर मस्कतहून आले ते हे मशीन घेऊन. काळं, वहीएवढं, वर रबराची बटणं. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला जोडायचं, कॅसेट लावायची, मग पाच मिनिटं कर्कश किंचाळल्यासारखा आवाज, आणि मग टीव्हीवर खेळ. चेंडू वरून खाली येतो, आपण खाली एक फळी डावी-उजवीकडे सरकवून तो परतवायचा. दीर म्हणाले, "वहिनी, दादाले बटणं दाबू द्या. व्यायाम म्हणू नका, गेम म्हणा."

आणि नवरा खेळला! दिरांकडून उजव्या हाताची बोटं बटणांवर ठेवून घेऊन, डावा हात खिशात घालून, ओठ घट्ट मिटून तो त्या चेंडूच्या मागे लागला. चेंडू खाली पडायचाच, पण तो पुन्हा सुरू करायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं काहीतरी पुन्हा केलं होतं.

मग त्याला शिफ्टची लॉगशीट आठवली. कंट्रोल रूममध्ये दर तासाला नोंद लागते, काय चालू, काय बंद, कुठे बिघाड. मला म्हणाला, "वही आण. मी सांगतो, तू लिही." खेळायचा तो मी शाळेत असतानाच. मी शाळेतून आले, हातपाय धुतले की तो दिवसाची नोंद सांगायचा आणि मी लिहायची. दहा चाळीस, गेम सुरू. दहा बावन्न, मशीन बंद पडली. संशय, व्होल्टेज.

"व्होल्टेज?" मी म्हटलं. "अहो, भिंतीपलीकडे वीज तयार होते. आपल्याकडे कुठून येणार कमी व्होल्टेज?"

"तुले समजते का मले समजते?"

मी नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन स्टॅबिलायझर आणला. हातात धरून बसमधून आणताना दंडाला रग लागली. आठ दिवस नोंदीत व्होल्टेज आलं नाही. मग आला टेपरेकॉर्डर. कॅसेट नीट वाचत नाही, हेड खराब. नवा टेपरेकॉर्डर आणला. मग टीव्ही. चित्र हलते, चेंडू दिसत नाही. बर्डीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला घरी बोलावून टीव्ही उघडायला लावला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, सेट तो एकदम बढिया है." मी त्याच्याच अंगावर ओरडले आणि काहीतरी बदलायला लावलं. नवऱ्याचा नियमच होता, एका वेळी एकच पार्ट बदलायचा, मग चालवून बघायचं, मग नोंद. दोन पार्ट एकदम बदलले तर बिघाड कशात होता ते कळत नाही. नियम अगदी बरोबर होता. मार्च संपला तेव्हा मशीन सोडून भोवतालचं सगळं बदलून झालं होतं, आणि वहीत नवा शब्द आला होता, मेमरी.

त्याला कारणही होतं. दिरांनी दिलेल्या कॅसेटींत विमानाचा एक खेळ होता. समोर धावपट्टी आणि खाली सगळे डायल, काटे, दिवे. कॅसेटच्या खोक्यावरचं ते चित्र तो किती वेळ बघत बसायचा. पण आमच्या मशीनमध्ये तो खेळ मावत नव्हता, त्याला मेमरी जास्त लागायची.

एप्रिलमध्ये दिरांचं पत्र आलं. त्यांच्या कंपनीतला एक माणूस रजेवर नागपूरला आला होता, तो रविवारी परत जाणार. काय पाठवायचं ते त्याच्याजवळ लिहून द्या, पावसाळ्यात येणाऱ्या दुसऱ्या कोणाबरोबर ते पाठवतो. पण वस्तू एकच. आणि मशीनच्या मागे खाचही एकच. मेमरीचा डबा लावला तर जॉयस्टिक लागणार नाही आणि जॉयस्टिक लावली तर मेमरी लागणार नाही. खाली लिहिलं होतं, 'जॉयस्टिक म्हणजे उभा दांडा असतो. तो डाव्या हातानंही चालतो. दादाला हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.'

मी पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या दोन ओळी सोडून. जॉयस्टिक म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.

"मेमरी," तो म्हणाला. "दांड्याचं काय काम? बटणं चालून राहिली न."

"हात कसा आहे पण?"

"हात येऊन राहिला. वहीत लिहिलं नाही काय? बिघाड हाताचा नाही."

खरंच होतं. तीन महिन्यांच्या वहीत हाताची एकही नोंद नव्हती. मी मनाशी म्हटलं, उजवा येतोच आहे तर मेमरी मागवू. विमान उडवायला मिळालं तर जास्त खेळेल, जास्त खेळला तर बोटं मोकळी होतील. पत्राचा कागद काढून ठेवला.

शुक्रवारी सकाळची शाळा होती, पण संस्थेतले कोणी वारल्याची बातमी आली आणि शाळा नऊलाच सुटली. उन्हं तापायच्या आत घरी पोचले. मागच्या अंगणातून येत होते. खिडकी उघडी होती आणि आतून टेपरेकॉर्डरची किंकाळी ऐकू येत होती. म्हटलं, जरा बघू तरी कसा खेळतो. त्याला चोरून बघायची मला फार हौस होती.

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि बटणांवर ठेवला. डाव्या हातानं एकेक बोट सरळ केलं. मग डावा खिशात घातला. चेंडू निघाला. मी त्या बोटांकडे बघत होते. बोटं हलली नाहीत. मनगट जरासं थरथरलं, बस. चेंडू पडला. त्यानं खांद्यातून अख्खा हात बटणांवर रेटून पुन्हा सुरू केलं. चेंडू पडला. मी मोजलं नाही, पण पाय दुखेपर्यंत उभी होते. बोटं तेवढ्या वेळात एकदाही हलली नाहीत. त्यानं कोणालातरी हलक्या आवाजात शिवी दिली आणि भिंतीवरचा स्विच बंद केला. टीव्ही काळा झाला.

मग तो घड्याळाकडे बघून पुटपुटला, "नऊ पस्तीस. मशीन हँग."

मी तशीच मागे फिरले. वसाहतीच्या हनुमानाच्या देवळात बसून राहिले बारापर्यंत. दर्शनाला आलेल्या बायका विचारत होत्या, काय झालं बाई, आज शाळा नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतं. बाराला नेहमीच्या वेळी घरी गेले.

"लिही," तो म्हणाला. "नऊ पस्तीस. मशीन हँग. संशय, मेमरी."

आणि मी लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या शाळेतल्या सुवाच्य अक्षरात. पेन एकदाही अडलं नाही.

शनिवारचा दिवस होता माझ्याकडे. पत्रात एकच शब्द लिहायचा होता, मेमरी की जॉयस्टिक. मला सगळं कळत होतं, हे लिहून ठेवते, म्हणजे उगाच माझी कीव कोणी करायला नको. उजवा हात येणार नाही, हे कळलं होतं. ऑक्टोबरपर्यंत सहा महिने आहेत, डाव्या हाताला दांडा मिळाला तर तो खेळाच्या नादानं तरी शिकेल, हेही कळलं होतं. पण जॉयस्टिक लिहिली असती तर ती आल्यावर त्यानं विचारलं असतं, काहून मागवली? आणि मला सांगावं लागलं असतं की मी खिडकीतून बघितलं. जो माणूस साहेबांसमोर कधी 'चुकलं' म्हणाला नाही, त्याला मी सांगायचं की तू खोटी नोंद देतोस, आणि मला ते माहीत आहे! कंट्रोल रूमच्या माणसाला 'तुझी नोंद खोटी आहे' म्हणणं म्हणजे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. माझी हिंमत झाली नाही. देवाला म्हटलं, बोटांत जीव घाल, तुझ्यासाठी काय कठीण आहे? आणि कागदावर लिहिलं, मेमरी. रविवारी सकाळी त्या माणसाच्या घरी जाऊन स्वतःच्या हातानं चिठ्ठी देऊन आले.

ते चार महिने कसे गेले ते सांगता येणार नाही. मी रोज नोंद लिहायची. रोज. शाळेत मुलांच्या खोट्या सह्या पकडणारी बाई मी. रात्री त्याची बोटं तेलानं चोळायची आणि म्हणायची, "आज जरा ऊब वाटते." तो म्हणायचा, "वाटते न? मलेबी वाटते." दोघंही एकमेकांना असं धरून होतो, आणि दिवस जात होते. कधीकधी वाटायचं, ओरडून सांगावं. कधी वाटायचं, ते मशीन उचलून विहिरीत टाकावं.

ऑगस्टमध्ये डबा आला. काडेपेटीच्या दोन पुड्यांएवढा. मागच्या खाचेत तो मीच बसवला, नवरा शेजारी बसून सांगत होता. विमानाची कॅसेट लावली. किंकाळी संपली आणि टीव्हीवर खरोखर सगळे डायल उमटले. काटे हलत होते. तो पुढे झुकला. त्याचं तोंड असं झालं होतं की मला क्षणभर वाटलं, बरं केलं आपण, हेच बरोबर होतं.

मी घरात होते. रविवार होता. हात बटणांवर ठेवायला त्याला डाव्या हाताची गरज होती आणि मी समोर उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला आत जायला हवं होतं, दूध उतू जातंय म्हणून, काहीही म्हणून. माझे पाय हलले नाहीत.

त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून ठेवला, माझ्यादेखत. विमान धावपट्टीवरून धावलं, सरळ धावत राहिलं आणि टोकाला जाऊन आपटलं. पुन्हा. पुन्हा. मशीन एकदाही अडलं नाही. व्होल्टेज बरोबर, कॅसेट बरोबर, टीव्ही बरोबर, मेमरी भरपूर. मी सहा महिने एकेक पार्ट बदलून त्याची एकेक सबब काढून घेतली होती, आणि आता त्याच्याजवळ एकही उरली नव्हती.

"मशीन बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला.

मी टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढून खोक्यात ठेवली.

"मी खोटं सांगून राहिलो होतो तुले. पहिल्या दिवसापासून." तो टीव्हीकडेच बघत होता. "मशीन बिघडली तर पार्ट मागवता येते वं. हात बिघडला म्हटलं असतं तर तू कोठून मागवणार होतीस?"

तेव्हा तरी मी सांगायचं होतं. त्यानं दार उघडून दिलं होतं. मी काय केलं? मी चिडल्याचं सोंग केलं. "मला असं फसवलंत? माझ्याच हातानं खोटं लिहून घेतलंत?" असं म्हणून डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "माफ कर." आयुष्यात एकदाच म्हणाला तो शब्द, आणि तोसुद्धा मी चोरून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दिरांना जॉयस्टिकसाठी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, दिवाळीपर्यंत कोणी येणार नाही. बर्डीवर विचारलं तर दुकानदाराला नावही कळेना. डाव्या हातात चेंडू दिला, पेन दिलं, पाया पडले. त्यानं मशीनवर एक जुना टॉवेल टाकला आणि परत खिडकीत जाऊन बसला.

ऑक्टोबरात बोर्ड बसलं. तीन डॉक्टर होते. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण चालताना त्याचा तोल जायचा म्हणून मी आत गेले आणि मला कोणी हटकलं नाही. उजवा हात त्यांनी दोन मिनिटांत बघितला. मग त्यातले वयस्कर डॉक्टर म्हणाले, डावा दाखवा. टेबलावर लाकडाच्या खुंट्या होत्या, त्या उचलून भोकांत बसवायच्या. पहिल्या दोन-तीन खुंट्या त्याच्या हातातून सटकल्या, घरंगळत खाली गेल्या. एक बसली. ती वाकडी बसली.

डॉक्टर वाईट नव्हते. चष्मा काढून म्हणाले, "अकरा महिने होते हो तुमच्याकडे. निदान सहा महिने जरी डाव्या हातानं सराव केला असता, तर मी तुम्हाला हलक्या कामावर लिहिलं असतं. पॅनल नसतं मिळालं, पण केंद्रात तरी राहिला असता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही तर शिकलेल्या दिसता. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

माझं तोंड उघडलं होतं. मी सांगणार होते, तिथे, त्या तिघांसमोर, असं मला अजूनही वाटतं.

पण तो आधी बोलला. खुर्चीत ताठ बसून, कंट्रोल रूममध्ये साहेबांशी बोलायचा त्या आवाजात.

"तिले काहून बोलता साहेब? तिनं बर्डीवरून सामान वाहून आणलं, सारं केलं. मी तिले खोटं सांगत होतो. तिले काही माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं. त्यानं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण केली, की रडू नको, मी सांगितलं त्यांना.

पुढे तो नऊ वर्षं जगला. मनीषनगरच्या एका भाड्याच्या घरात, जिथून कुठलीच चिमणी दिसत नव्हती. त्या नऊ वर्षांत मी त्याला ते सांगितलं नाही.